शीत कमी, नुस्ते-भाजी जास्त: गोव्याच्या घरात लो-कार्ब आहार सुरू करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंडा तालुक्यात राहते, शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी माझे वजन ८१ किलो होते आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ६.२ आला होता. मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर. भात, पाव आणि साखर कमी करत चौदा महिन्यांत मी ६९ वर आले. आज ७० च्या आसपास आहे. मी डॉक्टर नाही. पण वाड्यावर, स्टाफरूममध्ये, देवळाच्या पायऱ्यांवर लोक मला जे विचारतात ते प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून ते इथे लिहून काढले. औषधांचा प्रश्न मुद्दाम सुरुवातीला घेतला आहे. बाकी काही वाचले नाही तरी तेवढा वाचा.

लो-कार्ब म्हणजे भात कायमचा बंद?

नाही. लो-कार्ब म्हणजे कर्बोदके कमी. कर्बोदके म्हणजे भात, पाव, चपाती, पोहे, रवा, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ यांतून मिळणारा पिष्ट आणि गोड भाग. दिवसाला साधारण १३० ग्रॅमच्या खाली आलात की त्याला लो-कार्ब म्हणतात. ५० ग्रॅमच्या खाली गेलात की तो केटो. मी केटो केला नाही आणि सुरुवातीलाच कोणी करावा असे मला वाटत नाही. १०० ते १३० ग्रॅममध्ये दुपारचा वाटीभर भात आरामात बसतो. गोव्यात ज्याला वाटीभरसुद्धा शीत, म्हणजे भात, मिळत नाही, तो माणूस पंधरा दिवसांत सगळेच सोडून देतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मला शुगरची गोळी चालू आहे, बीपीचीही आहे. उद्यापासून भात कमी करू का?

डॉक्टरांना सांगितल्याशिवाय करू नका. घाबरवायचे म्हणून लिहीत नाही. भात कमी केला की रक्तातली साखर त्याच दिवसापासून कमी चढते. गोळीचा डोस मात्र जुन्या ताटाच्या हिशेबाने ठरवलेला असतो. ताट निम्मे झाले आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर गरजेपेक्षा खाली जाते.

इन्शुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका सर्वांत जास्त. आमच्या वाड्यावरच्या एका काकांनी माझे बघून भात एकदम बंद केला. गोळी तीच ठेवली. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास अंगणात फुले काढताना त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. काकूंनी लगेच साखरेचे पाणी दिले म्हणून निभावले. मी त्यांना आधी विचारायला हवे होते की गोळी कुठली आहे. तेव्हापासून कुणी आहाराचे विचारले की माझा पहिला प्रश्न तोच असतो.

घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक चिडचिड अशी लक्षणे दिसली तर ग्लुकोमीटरवर साखर पाहा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मीटर घरात नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, साखर आधी घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

दुसरी जात डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे गोळ्यांची. या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. या चालू असताना कर्बोदके फार कमी केली तर रक्तात कीटोनचे आम्ल साचू शकते. त्यातला फसवा भाग असा की तेव्हा मीटरवर साखर ठीकठाक दिसू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप लागणे असे काही झाले तर थेट इस्पितळ गाठा आणि गोळीचे नाव सांगा. नुसते मेटफॉर्मिन चालू असेल तर साखर फार खाली जाण्याची भीती कमी, तरीही सांगून सुरू करा.

बीपीचे असे की सुरुवातीला शरीरातून पाणी आणि मीठ बाहेर जाते, वजन उतरते, आणि रक्तदाबही उतरतो. उठताना चक्कर यायला लागली तर डोस बघून घ्यायची वेळ आली असे समजा. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.

आणखी कोणी हा आहार स्वतःहून सुरू करू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुले, टाइप १ मधुमेह असलेले, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले, आणि ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झाला आहे असे लोक. युरिक ॲसिड वाढून अंगठा सुजण्याचा त्रास असेल तर तारले, बांगडे, सुंगटे, तिसऱ्या यांवर जोर देणारा आहार त्रास वाढवू शकतो. अशांनी अंडी, दही, पनीर यांकडे वळावे, तेही विचारून. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असेल तर पालेभाजी अचानक दुप्पट करू नका, तिच्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा हिशेब बदलतो.

आपण खरेच एवढी कर्बोदके खातो का?

मी एक दिवस मोजली, तेव्हा विश्वास बसला नाही. सकाळी दोन पाव. चाळीस-पन्नास ग्रॅमचा एक पाव धरला तर त्यात वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदके. दोन चमचे साखरेचा चहा तीनदा, म्हणजे साखरेचेच पंचवीस-तीस ग्रॅम. दुपारी ताटभर शीत. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात आणि माझ्या ताटात ३०० ग्रॅम भात निघाला, म्हणजे ८४. संध्याकाळी चार मारी बिस्किटे, वीसेक ग्रॅम. रात्री पुन्हा भात, थोडा कमी. बटाट्याची भाजी आणि एक केळे धरून बेरीज ३०० च्या जवळ गेली. आणि त्या दिवशी मी गोड असे काही खाल्लेच नव्हते!

ही एकट्या माझ्या घरची गोष्ट नाही. आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. त्याच पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. देशाचे ११.४. म्हणजे गोव्यात चार प्रौढांमागे एक. आपल्या कुठल्याही घरच्या जेवणाच्या टेबलाभोवती नजर फिरवा आणि हा आकडा आठवा.

मग ताटात वाढायचे काय?

ताट तेच ठेवा, वाढण्याचा क्रम उलटा करा. आपण आधी शिताचा डोंगर वाढतो, त्यावर हुमण (नारळ वाटून केलेली माशांची आमटी) ओततो, आणि कडेला तोंडी लावायला नुस्त्याची, म्हणजे माशाची, तोडी (तुकडी) व चिमूटभर भाजी. मी आधी अर्धे ताट भाजीने भरते, मग नुस्ते किंवा अंडी किंवा कोंबडी, आणि शेवटी एक लहान वाटी शीत. हुमण त्या वाटीभर शितालाही पुरते, उरलेले वाटीने प्यावे. काही दिवस विचित्र वाटते. मग सवय होते.

आपल्या स्वयंपाकघरात या आहाराला लागणारे जवळजवळ सगळे आधीपासून आहे. बांगड्याचे तिखले, उड्डमेथी, सुंगटांचे आंबट, तिसऱ्यांचे सुके, माणक्यांची भाजी, कोंबडीची शागुती, काफ्रेआल, सुक्या सुंगटांची किसमूर. यांतल्या एकातही भात नाही, भात आपण बाजूला वाढतो म्हणून आहे. माशात कर्बोदके जवळपास शून्य, अंड्यात अर्ध्या-एक ग्रॅमपेक्षा जास्त नाहीत. रव्यात घोळवून तळलेल्या तोडीचा रवा किरकोळ असतो, त्यावरून जीव जाळू नका. रेशाद मसाला भरून तव्यावर कमी तेलात भाजलेला बांगडा मला त्याहून आवडतो.

भाज्यांत तांबडी भाजी, मुळ्याचा पाला, मशिंगाचा पाला, भेंडे, कारली, दोडकी, दुधी, कोबी, फ्लॉवर, तवशी, आगशीची वांगी हवी तेवढी खा. बटाटा, कणगी, सुरण, माड्या, नीरफणस या भाज्या म्हणून वाढल्या तरी हिशेबाने भाताच्या भावंडात बसतात. नीरफणसाची कापे खायची तर त्या दिवशी शिताची वाटी नाही.

माझा नेहमीचा दिवस असा. सकाळी कांदा, मिरची, कोथिंबीर घालून दोन अंड्यांचे ऑम्लेट, किंवा मुगाच्या डाळीचे दोन पातळ पोळे. दुपारी भाजी, दोन बांगडे, हुमण, वाटीभर शीत, सोलकढी. चार वाजता बिनसाखरेचा चहा आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्री शागुती किंवा अंड्याचे तोंडाक आणि कोबीची भाजी, सोबत एक लहान चपाती. बेरीज ११० च्या आसपास येते.

प्रथिने मात्र मोजा. भात कमी केला आणि त्या जागी काहीच वाढले नाही, तर ती उपासमार होते, मग रात्री दहा वाजता फरसाणाचा डबा उघडतो. दर किलो वजनामागे साधारण १ ग्रॅम प्रथिन हे ध्येय ठेवा. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम बांगड्याच्या मांसात २० च्या जवळपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८.

उकडे तांदूळ चालतात ना? कोरगुट? आणि नाचणी?

हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर ऐकून सर्वांत जास्त लोक नाराज होतात. उकडे तांदूळ सुरयांपेक्षा, म्हणजे न उकडलेल्या पांढऱ्या तांदळांपेक्षा, साखर थोडी हळू चढवतात, चवीला आणि पोटाला चांगले आहेत. कोरगुट हा खाजन शेतीचा, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतांतला, तांदूळ आहे, जपायलाच हवा. पण कर्बोदकांच्या मोजणीत तांदूळ तो तांदूळ. वाटी तेवढीच.

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातही ६५-७० ग्रॅम कर्बोदके असतात. तिच्यात कॅल्शियम भरपूर, तंतू जास्त, म्हणून एक चपाती काढून त्या जागी एक लहान नाचणीची भाकरी चांगली. परंतु दोन चपात्यांऐवजी तीन भाकऱ्या आणि वर गूळ घातलेले तिझन (नाचणीची खीर) असे केले तर काही उतरणार नाही. इंडिॲबच्याच आहार पाहणीत असे आढळले की मैदा-पांढऱ्या भाताच्या जागी नुसते गहू किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने धोका कमी झालेला दिसत नाही, एकूण कर्बोदके कमी करून प्रथिने वाढवावी लागतात.

पेजेचे मात्र मी मनापासून समर्थन करते. वाटीभर पेजेत पाणीच जास्त असते, शीत मोजकेच. सोबत खारा बांगडा किंवा आंब्याची मिस्काट आणि एक उकडलेले अंडे घेतले की दहा वाजता पोट शांत राहते. बीपी असेल तर खारा बांगडा आणि लोणचे नको.

पाव सुटत नाही. पोईत कोंडा असतो, ती चालेल?

पोई पावापेक्षा बरी, पण आज बऱ्याच पोयांत कोंडा वरून भुरभुरवलेला आणि आत मैदाच, असेही दिसते. मोडून पाहा. आतून पांढरी शुभ्र असेल तर तिला पावच समजा. सुरुवातीला मी सकाळी दोनऐवजी एक पाव केला, महिनाभराने एका दिवसाआड एक. आता रविवारी पातळ भाजीबरोबर एक पोई खाते, आणि ती ठरवून खाते.

आम्ही शाकाहारी आहोत. किंवा सोमवार-गुरुवार पाळतो. श्रावण तर महिनाभर.

अवघड आहे, अशक्य नाही. अडचण अशी की आपले शाकाहारी प्रथिन डाळी-कडधान्यांतून येते आणि त्यांच्यात कर्बोदकेही असतात. म्हणून वरण, आळसांद्यांचे तोंडाक, मूगगाठी, कुळथाची पिठी हे सगळे खा, पण ज्या जेवणात मोठी वाटी कडधान्य आहे त्यात शीत दोन-चार घासच. आपण डाळीबरोबर भात भरपूर घेतो, तिथे गाडी अडते. पनीर, घट्ट दही, टोफू, सोयाबीन, शेंगदाणे यांचा आधार घ्या. अंडे चालत असेल तर प्रश्न बराच सुटतो. शाकाहारी माणसाने १३० चा आकडा धरून बसू नये, १५० वर राहिले तरी ३०० वरून ते निम्मे आहे.

उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध पिष्ट. खिचडीची एक बशी दोन वेळच्या भाताइतकी भरू शकते. त्यापेक्षा दही, ताक, शेंगदाण्याची आमटी, तवशाची कोशिंबीर, ओले खोबरे.

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजे नुस्ते महाग होते, आणि पुढे लगेच श्रावण. पण याच दिवसांत टाकळा, कुर्डू, अळू, फागलां रानातून आणि परसातून येतात. टाकळ्याची कोवळी पाने कांदा आणि खोबरे घालून परतली तर मला त्या दिवशी नुस्त्याची आठवण होत नाही. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, सुक्या सुंगटांची किसमूर तर आहेच, मीठ धुऊन करा.

नारळ चालतो? काजू?

दोन्ही चालतात, दोन्ही मापात. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात १५ ग्रॅम कर्बोदके, त्यांतले ९ ग्रॅम तंतूच, म्हणून साखरेच्या बाजूने भीती नाही. पण उष्मांक साडेतीनशे आणि स्निग्धांश बहुतेक संपृक्त. हुमणाला लागते तेवढे खोबरे वाटा, जाड रसाच्या वाट्या पिऊ नका. काहींचे एलडीएल कोलेस्टेरॉल या आहारात वाढते. म्हणून सुरू करण्यापूर्वी लिपिड तपासणी करा, तीन महिन्यांनी पुन्हा करा.

काजू आपल्या घरचे, म्हणून मूठ मोठी होते. ३० ग्रॅम काजूंत ९ ग्रॅम कर्बोदके आणि १६० च्या वर उष्मांक. दहा काजू मोजून घ्या, डबा आत ठेवा. शेंगदाणे आणि बदाम या बाबतीत काजूंपेक्षा सोपे.

मानकुराद आले की काय करायचे?

खायचा. एक, दुपारच्या जेवणात, शिताच्या वाटीऐवजी. १०० ग्रॅम गरात १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, तेव्हा एका आंब्याने काही बिघडत नाही. बिघडते ते जेवून-खाऊन वर तीन आंबे आणि संध्याकाळी आमरस. पिकलेला फणस आणि केळी यांत आंब्यापेक्षा जास्त. पेरू, पपई, कलिंगड रोजच्यासाठी बरी. फळांचा रस नको, बाजारातले गोड कोकम सरबतही नको. घरी सोलां भिजवून मीठ, जिरे, हिरवी मिरची घातलेली तिवळ प्या.

चौथ्या दिवशी डोके दुखायला लागले, रात्री पायात गोळे येतात. सोडून देऊ?

थांबा. कर्बोदके कमी झाली की यकृतात आणि स्नायूंत साठलेले ग्लायकोजन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, वापरले जाते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बाहेर पडते. पाण्याबरोबर मीठही जाते. आपल्याकडच्या दमट हवेत घाम आधीच भरपूर, त्यात ही भर. डोकेदुखी, थकवा, गोळे यांचे मूळ बऱ्याचदा इथे असते. बीपी, हृदय, मूत्रपिंड यांचा त्रास नसेल तर मिठाची सोलकढी किंवा ताक दिवसातून दोनदा घ्या, पाणी वाढवा, पालेभाजी आणि मूठभर दाणे खा. आठवड्याभरात उतरते. नाही उतरले, किंवा चक्कर येऊन पडायला झाले, तर डॉक्टर. बद्धकोष्ठ झाले तर भाजी कमी पडते आहे.

वजन किती उतरेल आणि किती दिवसांत?

पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो उतरतात आणि लोक हरखून जातात. ते बहुतेक वर सांगितलेले पाणी असते. पुढे आठवड्याला अर्धा किलो म्हणजे उत्तम, पाव किलो म्हणजेही चालले आहे. मग एक दिवस काटा थांबतो. माझा पाचव्या महिन्यात सात आठवडे ७४ वर थांबला होता. मी रडकुंडीला आले होते. मोजून पाहिले तेव्हा कळले, भाताची वाटी हळूहळू दीड वाटी झाली होती आणि काजूंची मूठ रोजची.

काट्याबरोबर कंबर मोजा. बेंबीच्या पातळीवर सुतळी गुंडाळून गाठ मारून ठेवा, दर महिन्याला त्याच सुतळीने मोजा. आपल्याकडच्या लोकांसाठी कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे मानतात. त्या सात आठवड्यांत माझी सुतळी दोन बोटे सैल झाली होती.

इतर आहारांपेक्षा हा खरोखर सरस आहे का?

वर्षभराच्या हिशेबात, सगळ्यांसाठी, नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ प्रौढांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी कमी कर्बोदके खाल्ली, निम्म्यांनी कमी स्निग्ध. बारा महिन्यांनी पहिल्या गटाचे सरासरी ६ किलो उतरले, दुसऱ्याचे ५.३. एवढ्या फरकाला अर्थ नाही, असाच निष्कर्ष निघाला. तेव्हा कुणी याला जादू म्हटले तर विश्वास ठेवू नका. मी हा मार्ग घेतला कारण माझ्या ताटात जे जास्त होते ते शीत, पाव आणि साखर होती. तुमच्या ताटात जास्त तळण असेल तर सुरुवात तिथून करा.

सासूबाई म्हणतात, शीत जेवली नाहीस तर जेवलीस काय?

माझ्या सासूबाईही तेच म्हणत. त्यांच्या लहानपणी घरात तांदूळ पुरत नसे, ताटभर भात म्हणजे सुबत्ता. सुनेने भात नाकारला तर त्यांना तो आपल्या हाताचा अपमान वाटे. मी भाषण दिले नाही. एकदाच सगळ्यांसाठी स्वयंपाक केला, माझ्या ताटात भाजी आणि नुस्ते जास्त घेतले, आणि त्यांच्या हातच्या हुमणाची दुसरी वाटी मागितली. वेगळा स्वयंपाक करू नका, तो महिनाभरही टिकत नाही. एकच चूल, वेगवेगळी वाढप.

चतुर्थी आणि दिवाळी कशी निभवायची?

चतुर्थीचे पहिले दोन दिवस मी मोजत नाही. नेवऱ्या, पातोळ्या, मणगणे, देवाच्या नैवेद्याचे सगळे चाखते. तिसऱ्या दिवशी पुन्हा जुने ताट. खरी पंचाईत त्यानंतर पंधरा दिवस डब्यात उरलेल्या नेवऱ्यांची असते. त्या वाटून टाका. खतखते पौष्टिक आहे, पण त्यात कंदमुळे असतात, म्हणून त्याबरोबर पुऱ्या किंवा भात नको. नरकचतुर्दशीला रसातले, दुधातले, ताकातले, बटाट्याचे असे फोव घरोघरी वाढतात. प्रत्येकाचे दोन चमचे. आमच्याकडे ज्या घरी जाऊ तिथे आग्रह होतो, म्हणून मी वाटी स्वतः हातात घेते आणि स्वतः वाढून घेते.

बाहेर जेवायचे झाले तर?

फिश थाळी सोपी आहे. वाढप्याला सुरुवातीलाच सांगायचे, भात अर्धा, किसमूर आणि भाजी पुन्हा आण. सकाळी हॉटेलात रस ऑम्लेट घ्या, पाव परत करा. लग्नात कोंबडी, सुंगटे आणि कोशिंबीर.

फेणी, उर्राक, बियर?

फेणी-उर्राक ऊर्ध्वपातित असल्याने त्यांत कर्बोदके नाहीत, पण मद्याच्या दर ग्रॅमला ७ उष्मांक आहेत आणि पिताना शरीर चरबी जाळायचे बाजूला ठेवते. उर्राकात ओतलेले गोड थंड पेय तर सरळ साखर. बियरमध्ये कर्बोदकेही येतात. शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन, कमी जेवून पिणे हे धोक्याचे आहे, रात्री झोपेत साखर खाली जाऊ शकते. घरातल्या पुरुषांना हे वाचून दाखवा.

केटो पावडर, बदामाचे पीठ, लो-कार्ब बिस्किटे घ्यावी का?

गरज नाही. त्या पैशांत बांगडे येतात.

व्यायाम?

वजन प्रामुख्याने ताटावरून उतरते, पण जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर साखर कमी चढते. आणि आठवड्यातून दोनदा काहीतरी जड उचला, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. पाण्याच्या कळशा चालतील.

हे आयुष्यभर करायचे?

वजन हवे तिथे आले की वाटी हळूहळू मोठी करून पाहा. मी दुपारची एक वाटी दीड केली, वजन टिकले. दोन केली, दोन महिन्यांत दोन किलो चढले. म्हणजे माझे माप दीड वाटी. तुमचे तुम्हाला असेच सापडेल. साखरेचा चहा मी पुन्हा सुरू केला नाही, आता तो प्यायलाच होत नाही.

सुरू करायचे ठरले. आज काय करू?

औषधे चालू असतील तर डॉक्टरांची वेळ घ्या. एचबीए१सी, लिपिड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) या तपासण्या करून घ्या. घरातली एक लहान वाटी ठरवा आणि शीत फक्त तिनेच वाढा. कंबरेची सुतळी बांधून कपाटात ठेवा. आणि आज संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की नेहमीचे आठ पाव न घेता पाच घ्या.